डबीचं ॲव्हरेज

आमच्या ह्यांना लोक वैद्यबुवा म्हणायचे. औषधाशी काडीचा संबंध नाही. डोंगरात, खडकाळ वाटांवर चालणाऱ्या दणकट गाड्या दुरुस्त करायचे. गाडी फिरवून आणली की खाली उतरून आधी चारही चाकांना एकेक करून तळहात लावायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. एखादं चाक जास्त गरम लागलं की म्हणायचे, "हा ब्रेक धरून बसलाय. डिझेल इथे जळतंय आणि मालक इंजिनाला शिव्या घालतोय." मग कामात असे बुडायचे की जेवायला तीन हाका मारल्या तरी माणूस जागचा हलायचा नाही.

येणाऱ्या प्रत्येकाचं रडगाणं एकच. गाडी पिकअप घेत नाही आणि ॲव्हरेज देत नाही. हे आधी गाडीचा मागचा भाग रिकामा करायला लावायचे. साखळदंड, दोन-दोन जॅक, फुटक्या खुर्च्या, एकदा तर पाण्याचा बंद पडलेला पंप निघाला. "गाडी घेतलीत की माळा घेतलात?" असं त्या मालकाला तोंडावर विचारलं होतं. मग हवेचा फिल्टर काढून आपटायचे, हवेच्या नळीला कुठे केसाएवढी चीर आहे का ते बोटांनी चाचपायचे, काजळी खरवडायचे, टायरमधली हवा नीट भरायचे. शेवटी टाकी तोंडोतोंड भरून घाटातून ठरलेली फेरी मारायची आणि परत तोंडोतोंड भरायची. कमी डिझेल लागलं तरच काम झालं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. एका गाडीला तीन-तीन दिवस. मी म्हणायचे, अहो, एवढ्यात माणूस बरा होऊन घरी जातो.

ह्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे भावजी, ह्यांच्याच हाताखाली शिकले. सगळं शिकले, फक्त चिकाटी तेवढी घ्यायची राहिली. जीभ मात्र तेल घातल्यासारखी. त्यांनी मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान थाटलं आणि एक डबी विकायला काढली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. ॲक्सिलरेटरच्या वायरला जोडायची, की म्हणे गाडी पायाखाली उसळते आणि ॲव्हरेजही वाढतं.

मी ह्यांना विचारलं, खरंच वाढतं का हो? हे हसले. "तू पेडल पाव भाग दाबलंस तर ही डबी इंजिनाला सांगते, अर्धं दाबलंय. गाडी लगेच उसळते, म्हणून माणसाला वाटतं जोर वाढला. जोर तेवढाच आहे. फक्त खोटं जरा लवकर पोचतंय."

आता खरी गंमत ऐका, म्हणजे ज्याला गंमत वाटेल त्याला. भावजींनी पहिल्याच गिऱ्हाइकाला डबी बसवली आणि ॲव्हरेज आणखी घसरलं. गिऱ्हाईक अंगावर आलं. भावजी गाडी घेऊन आमच्या गॅरेजच्या मागच्या दाराने आले. "दादा, जरा हात फिरव ना. एवढी वेळ सांभाळून घे." ह्यांनी दोन दिवस राबून गाडी लोण्यासारखी करून दिली. तो मालक गावभर सांगत सुटला, डबी बसवली आणि गाडीचा कायापालट झाला.

मग काय, रांगच लागली. डबी पुढच्या दाराने विकली जायची आणि गाडी मागच्या दाराने आमच्याकडे यायची. मी कितीदा डोकेफोड केली. "अहो, तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःचं दुकान बंद करताय. तुमची गिऱ्हाइकं डबीकडे चाललीत आणि डबी चालतेय तुमच्या हातावर." हे म्हणायचे, "गाडी समोर दुखणं घेऊन उभी राहिली की मला बघवत नाही." भावाला नाही म्हणवत नव्हतं हे मला कळत होतं, पण ते कबूल करतील तर शपथ. दोन वर्षांत आमच्या पुढच्या दाराशी धूळ साचली. बाजारात लोक ह्यांना विचारायचे, "वैद्यबुवा, काम सोडलंत का?" मला त्या डबीचा इतका तिटकारा आला होता की स्वयंपाकघरात मसाल्याची डबी उघडतानासुद्धा कपाळावर आठी यायची.

त्यातच मोजणी खात्याचं काम निघालं. डोंगरमाथ्यापर्यंत जाणाऱ्या आठ गाड्या. त्यांचे साहेब आधी एका गाडीला डबी बसवून पाहणार, फरक पडला तर आठही गाड्या कायमच्या भावजींकडे. ती गाडी चालवणारे मामा म्हणजे फार भला माणूस. पूर्वी त्यांची गाडी आमच्याकडेच असायची. काम होईपर्यंत बाकावर बसून माझ्या हातचा चहा प्यायचे आणि साखर कमी आहे म्हणून दर वेळी कुरकुरायचे.

भावजी डबी बसवून ठरल्याप्रमाणे मागच्या दाराने गाडी लावून गेले. दुसऱ्या दिवशी माथ्यावर चाचणी होती. हे एक फेरी मारून आले, चाकांना हात लावला, आणि पुढच्या उजव्या चाकावरून हात झटकन मागे घेतला.

"ब्रेक धरतोय," म्हणाले. "भलताच धरतोय."

मी तिथेच उभी होते. माझ्या तोंडून निघालं, "धरू दे. या वेळी हात लावू नका. ॲव्हरेज पडेल, साहेब डबी फेकून देतील आणि परत तुमच्या दारात येतील. एकदा तरी लोकांना कळू दे, ही गाडी कुणाच्या हातावर चालते ते."

"ब्रेक आहे गं तो."

"चढाची चाचणी आहे. चढाला कसला ब्रेक लागतोय?"

मला कळत नव्हतं असं नाही. जी गाडी वर जाणार ती खालीही येणार, हे शेंबड्या पोराला कळतं. पण दोन वर्षांची आग होती माझ्या पोटात. हे त्या चाकापाशी उकिडवे बसले. मला वाटलं, आता पाना उचलणार. पण त्यांनी फडक्याला हात पुसले आणि भावजींना फोन लावला. "झालं. घेऊन जा." उभ्या आयुष्यात कामाच्या बाबतीत हे एवढं एकच खोटं बोलले.

चढ गाडी चढली. उतरताना मात्र डबीमुळे पाय टेकला की गाडी उसळायची, म्हणून मामांना वळणावळणावर ब्रेक दाबावा लागत होता. आधीच तापलेलं चाक, त्यात हे. चौथ्या वळणावर पेडल सरळ तळाला गेलं. मामांनी गाडी दरीत जाऊ नये म्हणून मुद्दाम खडकावर घातली, स्वतःच्या बाजूने. साहेबांना खरचटलं. मामांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीला बोलावलं तेव्हा भावजी म्हणाले, ब्रेकचं काम दादाकडे असतं, माझी फक्त डबी. चीड याची, की तो माणूस पहिल्यांदाच खरं बोलत होता. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा ना, गाडी मागच्या दाराने यायची, तुमचं नाव कुठेच नव्हतं. हे गेले आणि साहेबांना एवढंच म्हणाले, "चाक गरम लागलं होतं. मला कळलं होतं."

"मग सोडलीत कशी?"

"कंटाळा केला."

कंटाळा. तीन दिवस एका गाडीखाली लोळणारा माणूस म्हणतो, कंटाळा केला. मी बाहेर बाकावर होते, दार उघडं होतं, मला स्वच्छ ऐकू आलं.

डबीच्या नावाला काही धक्का लागला नाही. ती अजून खपते. गेलं ते ह्यांचं नाव. महिन्याभरात गॅरेजला कुलूप लागलं आणि भावजींनी मोठ्या मनाने ह्यांना दुकानात ठेवून घेतलं. आता हे दिवसभर डॅशबोर्डखाली वाकून डब्या बसवतात. गिऱ्हाईक विचारतं, पळेल ना? हे म्हणतात, पळेल. चाकांना हात लावत नाहीत. भावजींनी मना केलंय असं नाही, ह्यांनीच सोडलंय.

परवा मी जेवणाचा डबा घेऊन दुकानात गेले तर मामा आले होते. कुबड्या भिंतीला टेकवून ह्यांच्यासमोर बसले होते. भांडायला आले नव्हते. भांडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "वैद्यबुवा, मला बाकी काही नको. घरी पडल्यापडल्या एकच विचार येतो. इतकी वर्षं तुम्ही माझं एक चाक असं सोडलं नाहीत. त्याच दिवशी कसं सोडलंत?"

हे मान खाली घालून म्हणाले, "कंटाळा केला, मामा."

मामा माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तर गॅरेजमध्येच असायचात नेहमी. खरंच कंटाळा केला होता का हो ह्यांनी?"

ह्यांनी मान वर केली नाही. मी डबा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "हो."