भैयाजीच्या जीपचं डावं चाक

भैयाजीला नाही म्हणता येत नाही. गावाला हा त्याचा मोठा गुण वाटतो, कारण गावाचं त्यात भागतं. घरच्यांना विचारून बघा.

त्याची जीप त्याच्या मुलीपेक्षा म्हातारी आहे. रोज सकाळी ती गावातल्या मुलींना ब्रह्मपुरीच्या कॉलेजात पोचवते आणि संध्याकाळी परत आणते. त्या वेळेला एसटी नाही, त्यामुळे ही जीप आहे म्हणून या मुली शिकतात. त्यात भैयाजीची ज्योत्स्नाही आहे.

दिवाळीनंतर जीप टक्क करायला लागली. क्लच सोडला की टक्क, गती कमी केली की टक्क, जसं काही खाली कोणी हातोडी घेऊन बसलंय. गावाने निदान करून टाकलं. एक म्हणाला गिअरबॉक्स, दुसरा म्हणाला क्लचप्लेट, दूधवाला म्हणाला काही नाही, म्हातारपण आहे. भैयाजी प्रत्येकाला म्हणायचा, हो, तसंच असन.

मग एका संध्याकाळी जंगलातल्या चढावर इंजिन ओरडत राहिलं आणि चाकं ढिम्म. पुढेमागे करून करून कुठेतरी दाता अडकला, दणका बसला, गाडी निघाली. मुली घरी पोचल्या, पण तोंडं पांढरीफटक. सोमवारपासून त्यांची परीक्षा होती. त्या रात्री मुलींचे बाप भैयाजीच्या अंगणात जमले. गाडी धड झाली तर पोरी जातील, नाहीतर घरी बसतील. त्यातला एक तर शांतपणे म्हणाला, "पेपर पुढल्या साली बी देता येते, भैयाजी. पोरगी पुन्हा नाई भेटत."

शनिवारी जीप मेकॅनिक अयूबभाईंच्या शेडमध्ये उभी राहिली. ज्योत्स्ना पुस्तक घेऊन सोबत आली होती, कारण बापाला एकट्याला पाठवण्यात अर्थ नाही हे तिला कळून चुकलंय. अयूबभाईंनी याआधी दोनदा मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, बदलले होते आणि दोन्ही वेळा टक्क जसं होतं तसंच परत आलं होतं. बाजारात लोक म्हणायला लागले होते, अयूबचा हात गेला आता. त्यामुळे ते आधीच तापलेले.

त्यांनी चाकांना विटा लावल्या, गाडी न्यूट्रल केली, खाली झोपले आणि शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. क्रॉस घट्ट होते. पण शाफ्ट मात्र इकडून तिकडे चांगला फिरायचा, तेव्हा कुठे मागे काहीतरी अडायचं. म्हणजे झीज मागे, चाकांच्या मधल्या डिफरन्सिअलमध्ये. त्यांनी विचारलं, ओझं जास्त भरतोस? नाही. चिखलात फसवतोस? नाही. पॅसेंजर बसवतो, बास.

उजव्या बाजूचा ॲक्सल ओढून काढला, त्याचे दाते सरळ. डावा काढला, तर दाते झिजून पात्यासारखे धारदार झालेले. डावा ड्रम बाहेरून आरशासारखा गुळगुळीत. आणि आत, ग्रीसमध्ये, पिवळा कोंडा. अयूबभाईंनी तो तळहातावर घेतला.

"हे काय आहे?"

"रस्त्यावरचा कचरा असन, अयूबभाई."

"रस्त्यावर धान चुरते का कोणी? अन् तो कचरा एकाच चाकात घुसते?"

भैयाजीने छताकडे पाहिलं. ज्योत्स्नाने पुस्तक मिटलं आणि सगळं सांगून टाकलं. दरवर्षी धान निघालं की बाबा गावातल्या मीराबाईंच्या खळ्यावर जीप नेतात. डावं मागचं चाक जॅकवर उचलायचं, टायर काढायचा, ड्रमवर पट्टा चढवायचा आणि त्यावर उफणणीचा पंखा चालवायचा. मीराबाईंचं झालं की शेजारच्याचं, मग त्याच्या शेजारच्याचं. पार संक्रांतीपर्यंत.

अयूबभाई टायरवर बसले.

"दोन खेपा मले क्रॉस बदलाले लावले. अन् हे नाई सांगतलं?"

"तुमी विचारलं गाडी चालते कशी," भैयाजी म्हणाला. "उभ्या गाडीचं कोणी विचारलंच नाई."

यावर अयूबभाईंनी तळहातावरचा कोंडा झटकून टाकला. मग त्यांनी ज्योत्स्नाला समजावलं, तिच्या बापाला नाही. डिफरन्सिअलमधल्या छोट्या चकऱ्या वळणावर जराशा फिरण्यापुरत्या असतात. हा माणूस एक चाक जमिनीत रोवून दुसरं हवेत भणाणत ठेवतो, तर त्या बिचाऱ्या दिवसभर फिरून फिरून झिजतात. शेडमागे एक मेलेली जीप पडली होती. तिच्या चकऱ्या आणि ॲक्सल काढून रविवारी त्यांनी हिच्यात बसवले. "आता चाक उचललं," किल्ली देताना ते म्हणाले, "तर माह्याकडे येऊ नको. सलाम कराले बी नको."

सोमवारी जीप इतकी गप्प चालली की मुली टक्क ऐकायला कान लावून बसल्या. पेपर झाला. संध्याकाळी गावाच्या वळणावर मीराबाई उभ्या होत्या. उरलेलं धान मळून पडलं होतं, वारा पडला होता, आभाळ आलं होतं.

"उद्या पंखा लाव, बाबू."

पेपर अजून बाकी होते.

"येतो, बाई," भैयाजी म्हणाला.

ज्योत्स्नाने डोकं सीटवर आपटलं.

दुसऱ्या दिवशी मुलींना सोडून आल्यावर भैयाजी खळ्यावर गेला खरा, पण पायी, काखेत सूप घेऊन. मीराबाईंनी विचारलं, गाडी कुठी आहे? "गाडी पोरींची आहे, पेपर संपेवर," असं म्हणून तो तिपाईवर चढला आणि नसलेल्या वाऱ्यात धान सोडत राहिला. झुळूक आली की भरभर, गेली की सूप डोक्यावर धरून उभा. दुपारपर्यंत शेजारच्या खळ्यावरूनही बोलावणं आलं होतं आणि त्यालाही तो हो म्हणाला होता.

संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाशी तो मुलींना न्यायला उभा होता. केसांत, भुवयांत, कानात कोंडा. ज्योत्स्ना त्याच्याकडे न बघता थेट डाव्या मागच्या चाकापाशी गेली, वाकली, नटांवरची सकाळची धूळ तशीच आहे का ते बोट लावून पाहिलं. तशीच होती.

"काऊन? बापावर भरोसा नाई?"

"नाई," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.