उणे अठरातली गोदामावशी

रत्नागिरी जिल्ह्यात राहून थंडी वाजते म्हणणाऱ्या माणसाला गोदा जाधव तोंडावर हसते. त्यात तिचा स्वतःचा नवराही आला. रामजी मुंबईची नोकरी संपवून गावी परतला, तेव्हापासून डिसेंबर लागला की कानटोपी चढवून पडवीत बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "काय गारठा पडलाय!" म्हणून सांगतो. पारा तेव्हा विसाच्या आसपास असतो. गोदा त्याच्यासमोरून बिनबाह्यांचं पोलकं घालून भांडी घासायला जाते, तीही मुद्दाम.

तिला हसण्याचा हक्क होता. दाभोळच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मासळीचा एक कारखाना आहे. गोदा तिथं कोळंबी सोलायला लागली, आणि दुसऱ्याच वर्षी गोठणखोलीतला माणूस काम सोडून पळाला. आत उणे अठरा. बाहेर घामाच्या धारा, आत भुवया पांढऱ्या. कुणी तयार होईना, तेव्हा गोदा म्हणाली, "मी बगते." ती जी आत शिरली ती बावीस वर्षं आत-बाहेर करत राहिली. कारखान्यातल्या बायकांनी त्या खोलीचं नाव काश्मीर ठेवलं होतं. गोदा जाकीट, हातमोजे, गमबूट चढवून निघाली की दारावरचा भागोजी रोज ओरडायचा, "मावशी निघाली रे काश्मीरला!" बावीस वर्षं तोच विनोद, आणि दोघंही रोज हसायची. माणसाला एखादा विनोद पुरतो तो असा.

पण एक गोष्ट गोदानं कुणाला सांगितली नव्हती. बर्फ तिनं आयुष्यभर ढिगांनी पाहिला होता, पण आभाळातून पडताना एकदाही नाही. तिची सगळी थंडी ट्यूबलाइटखालची. वर डोंगर, वर आभाळ आणि थंडी मात्र खरी, हे एकदा बघायचं तिच्या फार मनात होतं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी असलं काही बोलायचं म्हणजे लोक वेड्यात काढायचे, म्हणून ती गप्प होती.

तिच्या बहिणीचा मुलगा महेंद्र दापोलीच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि सुट्टी मिळाली की किल्ले चढतो. त्याच्या मंडळींनी या जूनमध्ये हिमाचलातलं एक शिखर चढायचं ठरवलं होतं. सोबत तालुका कचेरीत कारकुनी करणारा अभय, कृषी विद्यापीठात शिकणारी ईशा आणि स्वरूप. पैकी स्वरूपचं लग्न ऐन जूनमध्येच ठरलं आणि त्याच्यापुढे वेगळीच चढण उभी राहिली. चौघांतली एक जागा रिकामी झाली. जूनमध्ये मासेमारी बंद, म्हणून कारखानाही बंद. गोदानं हा हिशेब मनातल्या मनात एका क्षणात केला आणि चुलीवरचं कालवण ढवळत राहिली.

तंबू मात्र अजून ठरत नव्हता. पुण्याच्या एका दुकानदारानं दोन नमुने आठवड्यासाठी भाड्यानं दिले होते. एक पिवळा, एक निळा. मेच्या एका रविवारी महेंद्र दोन्ही घेऊन मावशीच्या अंगणात आला, कारण तंबू लावता येईल एवढं सपाट अंगण सगळ्या गोतावळ्यात तिचंच.

आता कोकणातल्या माणसाला छप्पर दाखवलं की तो पहिला प्रश्न काय विचारतो? गळतं का? दुसरा प्रश्नही तोच, फक्त जरा मोठ्यानं. चार महिने मुसळधार पाण्याखाली काढणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरी परीक्षाच येत नाही. तेव्हा या भूगोलाच्या मास्तरानं हिमालयातला तंबू निवडण्यासाठी काय केलं, तर सुपारीला पाणी द्यायचा पाइप ओढून आणला. रामजीला परीक्षक नेमलं. तो वर्तमानपत्र घेऊन पिवळ्या तंबूत जाऊन बसला आणि अभयनं वरून पाइप सोडला.

"आलं का पाणी, काका?"

"थेंब नाय!" आतून रामजी ओरडला. "पेपर कोरडा हाय. पण उकडतंय रे, लवकर आटपा!"

पिवळ्याला कुठं भोकच नव्हतं. एकच जाड कापड, चेन ओढली की सगळं बंद. वजनालाही हलका. निळ्याला मात्र दोन कापडं, आत एक आणि वर एक, मध्ये चार बोटांची फट. शिवाय माथ्याजवळ जाळीच्या दोन खिडक्या, त्यांवर छोटी झापडं. अभयनं पाइप खालून वर असा तिरका धरला आणि जाळीतून दोन थेंब नेमके रामजीच्या कानात पडले.

"गळतो!" रामजीनं निकाल दिला. बाहेर येऊन त्यानं कान झटकला आणि निळ्याकडे असं बघितलं, जणू त्यानं त्याचा खिसा कापला होता.

"संपलं. पिवळाच घ्यायचा," अभय म्हणाला. ईशानंही मान डोलावली. महेंद्र दुकानदाराला फोन लावायला निघाला.

गोदा उंबऱ्यावरून उठली. पिवळ्यात डोकं घालून तिनं वर, खाली, कोपऱ्यात हात फिरवला. मग म्हणाली, "ह्याच्यात दोन माणसं निजली तर रातभराचा श्वास कुठं जायचा?"

"मावशी, श्वास कुठं जाणार? असतो तिथंच!" अभय म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. रामजी सगळ्यात जास्त.

गोदाला राग आला. खरं तर रागापेक्षा धीर आला, आणि धीर आला की गोदाला थांबवणं कुणाच्या बापाला जमत नाही. "ऐक रे महेंद्र. काश्मीरची खोली परवाच रिकामी झालीय. मी अनिलशेठना विचारते. दोन तास दोन्ही तंबू आत लावा नि निजा. पिवळा बरा निघाला तर तुमाला सगळ्यांना कोंबडीवडे. निळा बरा निघाला, तर चौथी जागा माझी."

अभयच्या हातातला पाइप खाली पडला. पाणी मात्र वाहत राहिलं.

"तुझी?" महेंद्र म्हणाला.

"का? तंबूत बाय मावत नाय?"

"अगं, जन्म गेला थंडीत तुझा," रामजी कळवळून म्हणाला, "आनि आता पैसे खर्चून थंडीच बगायला जातंस?"

"ती मशीनची थंडी. मला खरी बगायचीय." एवढं बोलून तिनं घाईघाईनं नळ बंद केला.

महेंद्रनं फोन खिशात ठेवला. कारखान्याची घाटी ती रोज दोनदा चढते-उतरते, आणि मागच्या दिवाळीत घरामागचा डोंगर चढताना तो दम खात असताना ही वर पोचून करवंदीच्या जाळीत शेळी शोधत होती, हे त्याला आठवलं. "डॉक्टरांनी हो म्हटलं पाहिजे," तो म्हणाला. "मग कबूल."

अनिलशेठ म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग पोट धरून हसले आणि मग हो म्हणाले. यंत्र बुधवारी साफसफाईसाठी बंद होणारच होतं, तोवर खोली रिकामीच चालणार होती. अट एकच, भागोजीनं दर पंधरा मिनिटांनी दार उघडून चौघं जिवंत आहेत का ते पाहायचं.

मंगळवारी दुपारी कारखान्याच्या आवारात जे दृश्य दिसलं ते तिथल्या बायका अजून सांगतात. छत्तीस अंशांचं ऊन, आणि त्यात महेंद्र आणि अभय पिसांची जाकिटं, लोकरी टोप्या, दुहेरी मोजे घालून उभे. घाम नाकावरून टपटप गळतोय. कोळंबी सोलणाऱ्या बायका काम टाकून दारात आल्या. एकीनं विचारलं, "काय गो गोदा, वरात हाय काय?" भागोजीनं आपली आरोळी ठोकली, आज जरा जास्तच लांबवून, आणि चौघं आत शिरली.

सिमेंटच्या जमिनीत खुंट्या जाईनात, तेव्हा तंबूचे दोर मासळीच्या जड क्रेटना बांधले. दोन्ही तंबू पंख्याच्या थेट झोतात लावायचे, हा गोदाचा आग्रह. "वारा काय तुमाला विचारून येनार हाय?" पिवळ्याच्या बारीक काड्या वाऱ्यानं वाकायला लागल्या आणि कापड फडफड करत आतल्यांच्या तोंडावर यायला लागलं. निळा जाड काठ्यांवर घट्ट उभा होता. पिवळ्यात महेंद्र आणि अभय, निळ्यात गोदा आणि ईशा. चेन ओढल्या, झोपायच्या पिशव्यांत शिरले.

गोदानं माथ्याची दोन्ही झापडं दोन-दोन बोटं उघडी ठेवली.

"मावशी, थंडी येतेय आत," ईशा कुडकुडत म्हणाली.

"येऊ दे. थंडी आत आली तर चालेल गो, ओल ऱ्हायला नको." ईशाच्या पायांशी तिनं गरम पाण्याची बाटली सरकवली आणि पोरीची टोपी कानांखाली ओढली.

पलीकडे पिवळ्यात मजा चालली होती. झोत अडल्यामुळे आत चांगलं उबदार झालं. थर्मासमधला चहा ओतला गेला. अभयचा आवाज खडा, भीमजयंतीला तो दरवर्षी गातो. त्यानं गायला सुरुवात केली, महेंद्र टाळ्या वाजवू लागला. एकामागून एक सात गाणी झाली. दार उघडून बघणारा भागोजीही दोन कडवी ऐकूनच परत जाई. "मावशी!" मधूनच अभय ओरडे, "आमचा श्वास मजेत हाय हां!"

गोदानं झापडांची फट पुन्हा एकदा चाचपून पाहिली. पण मनातून तिला धाकधूक वाटू लागली होती. खरंच काही झालं नाही तर? कोंबडीवड्यांचं तिला काही नव्हतं, ते तिनं हसत घातले असते. पण चौथी जागा गेली, तर पुन्हा तोंड उघडून मागायचा धीर तिला या जन्मात झाला नसता, हे तिला पक्कं माहीत होतं. छातीशी हात बांधून ती पडून राहिली आणि आठवं गाणं ऐकत राहिली.

आठव्या गाण्याच्या शेवटी अभय भरात येऊन उठून बसला, आणि त्याचं डोकं छताला लागलं.

"अरे! अरे, काय हे! महेंद्रा, पाऊस!"

"पाऊस कसला, बर्फ पडतोय!"

गोदा निळ्यातून बाहेर आली आणि बॅटरी घेऊन पिवळ्याची चेन ओढली. आतलं सगळं कापड पांढऱ्या लवेनं भरलं होतं. दोन तोंडांची वाफ, चहाची वाफ आणि आठ गाणी छताला जाऊन गोठली होती, आणि आता वाऱ्याच्या हादऱ्यानं भुरुभुरू खाली येत होती. अभयच्या मिशीवर बर्फ. महेंद्रच्या चष्म्यावर बर्फ. पिशव्या वरून ओल्या, आणि ओल्या होत्या तिथं कडक व्हायला लागलेल्या.

गोदा जी हसायला लागली ती खाली क्रेटवर बसली. "मी बावीस वर्षं वाट बगतेय," ती हसता हसता म्हणाली, "आनि पहिला बर्फ पडला कुनाच्या डोक्यावर? ह्या अभयच्या! तोबी त्याच्याच तोंडातला!"

ईशानं निळ्यात बॅटरी फिरवली. वरच्या कापडाला आतून थोडी पांढरी झाक होती, पण आतलं कापड कोरडं. पिशव्या कोरड्या. ईशा स्वतः तर झोपेतूनच उठली होती.

"पावसात ओल बाहेरनं येते," गोदा म्हणाली. "थंडीत ती आपल्या तोंडातनं येते. तिला वाट ठेवली नाय तर ती डोक्यावर पडते. काश्मीरच्या दारापाशी आमी बायका बोलत उब्या ऱ्हातो ना, तिथं रोज काठीनं बर्फ पाडावा लागतो मला. एवडं सादं हाय ते."

महेंद्रनं चष्मा काढून पुसला. वर्गात 'बाष्प' हा धडा त्यानं निदान पंधरा वर्षं शिकवला होता. तो एवढंच म्हणाला, "मावशी, चुकलो." मग बाहेर उन्हात येऊन सगळे थरथरत उभे राहिले, त्यांच्या कपड्यांतून वाफा निघाल्या आणि कोळंबीवाल्या बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली.

डॉक्टरांनी गोदाला पायऱ्या चढायला लावल्या, छाती तपासली आणि विचारलं, "बाई, करता काय तुम्ही?" कागदावर सही मिळाली. निळा तंबू पक्का झाला, आणि त्याच्यासारखाच आणखी एक. त्या रात्री मात्र गोदाला झोप लागली नाही. आपण हे काय करून बसलो, असं तिला दहादा वाटलं आणि अकराव्यांदा गुदगुल्या झाल्यासारखं हसू आलं. शेजारी रामजी म्हणाला, "निज आता, हिमालय पळून जात नाय."

रविवारी पडवीत बसून महेंद्रनं मोबाईलवर चौघांचे अर्ज भरले. नाव, वय, रक्तगट. शेवटी एक रकाना होता, शून्याखालच्या तापमानात काम केल्याचा अनुभव. महेंद्रनं स्वतःपुढे 'नाही' लिहिलं. अभयपुढे 'नाही'. ईशापुढे 'नाही'. गोदापुढे तो थांबला.

"मावशी, काय लिहू?"

"जे खरं हाय ते लिव."

त्यानं लिहिलं, बावीस वर्षं, उणे अठरा.

तासाभरात हिमाचलातून तिथल्या वाटाड्याचा फोन आला. महेंद्रनं आवाज मोठा करून फोन पाटावर ठेवला. पलीकडचा माणूस हिंदीत फार अदबीनं बोलत होता. अर्ज पोचले म्हणाला, सगळं ठीक आहे म्हणाला. मग विचारलं, तुमच्या तुकडीच्या प्रमुख गोदावरी जाधव मॅडम, त्यांच्याशी दोन शब्द बोलता येतील का?

अभयनं महेंद्रकडे बघितलं. रामजीनं गोदाकडे. तुकडी महेंद्रची, बेत महेंद्रचा, प्रमुखही अर्थात महेंद्रच होता. गोदा पदरानं तोंड दाबून जोरजोरात नकाराची मान हलवत होती.

"हां जी," महेंद्र म्हणाला, "यहीं बैठी हैं," आणि त्यानं फोन उचलून मावशीच्या हातात दिला.