तारवाले डॉक्टर

तारवाले डॉक्टर बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहायचेच नाहीत. नजर थेट तोंडावर. माणूस बिचारा गोंधळायचा, ओठाला भाताचं शीत चिकटलंय की काय म्हणून तोंड पुसायचा. सन पस्तीसच्या सुमाराला रविवार कारंज्याजवळ एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता.

मी तेव्हा आठ वर्षांची. वरचे दात इतके पुढे, की ओठ मिटायचे नाहीत. आई नव्हती, आत्याच मला सांभाळायची. या पोरीला कोण पत्करणार, या घोराने तीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी आत्ताच तार बसवा म्हटलं. आत्याला काही उमजेना. मागचे दात अजून दुधाचे, ते पडणारच. मग आत्तापासून हा खटाटोप कशाला?

"दात पडू द्या हो, जबडा तोच राहणार ना?" डॉक्टर म्हणाले. "आत्ता हाड कोवळं आहे, ऐकेल. पुढे माझ्या बापाचंही ऐकणार नाही."

आत्याने अट घातली: लोखंड तोंडात नको, सोवळ्याला चालत नाही. डॉक्टरांना नाही म्हणताच यायचं नाही. सराफ बाजारात स्वतः उभं राहून त्यांनी सोन्याची तार ओढून घेतली आणि घाम गाळत बसवली. मी ऐटीत घरी येऊन आत्यासमोर आ केला. सोनं मरणाऱ्याच्या तोंडात घालतात, हे तिला तेव्हा आठवलं. माझ्या आईच्या तोंडात तिनेच घातलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तार निघाली. "लोखंड नको, सोनं नको, मग दात ओढू कशाने, आत्याबाई?" डॉक्टरांनी विचारलं. आत्या नुसती रडत होती. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. अजूनही येतो.

दोन वर्षांनी दवाखाना गुंडाळून ते मुंबईला निघाले. दात ठणकल्याशिवाय इथे त्यांच्याकडे जातंय कोण! निरोप घ्यायला घरी आले, तेव्हा म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही. पोरीला माझ्याकडे पाठवा, माझ्या मुलींत राहील. आत्याने माझा हात धरून विचारलं, "तूच सांग, जाशील?"

मला जायचं होतं. मी "नको" म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

"बरं, बाळ," एवढंच म्हणून डॉक्टर टांग्यात बसले. टांगा वळेपर्यंत मी दारात उभी होते, दोन्ही ओठ बोटांनी मिटून धरून.