यशोदाबाईचा शेर आणि कमलाक्काचा काटा

बोरगावात कमलाक्काला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर ही बाई आता तरी जरा पाठ टेकेल, असं तिच्या यजमानांना, श्रीपाल अण्णांना वाटलं होतं. बिचाऱ्यांचा अंदाज साफ चुकला. नोकरी होती तेव्हा ती फक्त पोरांची वजनं घ्यायची. नोकरी संपल्यावर तिनं सगळ्या गावालाच मापात धरलं.

तिच्या पिशवीत कायम एक टेप, औषधाचं रेघांचं टोपण आणि पाण्याची लिटरची बाटली. कुणी गजरा हातावर मोजून घेतला की ही टेप उलगडणार. कुणी पोराची उंची फुटात सांगितली की "सेंटिमीटरात सांग" म्हणून उंबऱ्यातच ठाण मांडणार. लग्नाच्या बोलणीत सोनं तोळ्यात निघालं तेव्हा हिनं पाहुण्यांसमोर विचारलं, "तोळा म्हंजे दहा ग्रॅम का पावणेबारा? आधी ठरवा, मग पेढं वाटा." तेव्हापासून भाऊबंद तिला बोलणीला बोलवत नाहीत. श्रीपाल अण्णांची थट्टा तर रोजचीच. गुडघ्याला तेल चोळताना म्हणायचे, "आज पाच मिलिलिटर जास्त दुखतंय गं."

पण हे वेड उगाच लागलेलं नव्हतं. अंगणवाडीच्या दिवसांत तिथल्या भरमू नावाच्या पोराला खोकला झाला होता. घरात चमचा म्हणजे आमटीचा, दुसरा नव्हताच. आईनं तोच भरून औषध पाजलं, एकदा नाही, तीनदा. पोरगं झोपलं ते उठेचना. निपाणीला दवाखान्यात नेईपर्यंत त्याची मान कमलाक्काच्या खांद्यावर लुळी पडली होती. भरमू वाचला, आता टेंपो चालवतो, दिसला की हॉर्न वाजवतो. पण ती लुळी मान कमलाक्काच्या खांद्यावरून कधी उतरलीच नाही. कुणी "चमचाभर", "मूठभर", "अंदाजानं" म्हटलं की तिचा जीव वरखाली होतो. हे ती कुणाला सांगत नाही, नुसती भांडते.

आठवड्याच्या बाजारात चुरमुरे-फुटाणे विकणारे तिघं होते, आणि तिघांचे तीन शेर. शेर म्हणजे पत्र्याचं डब्यासारखं माप. भरायचं, वर शीग, म्हणजे काठावरचा ढीग, लावायची आणि पिशवीत ओतायचं. त्यातली एक यशोदाबाई. ती आणि कमलाक्का एका गल्लीत वाढलेल्या, एका बाकावर बसलेल्या. एका बाजारी कमलाक्कानं भर गर्दीत तिन्ही मापं मागून घेतली आणि लिटरच्या बाटलीतलं पाणी त्यांत ओतून दाखवलं. पहिल्या दोघांचे शेर भरून वाहिले तरी बाटलीत पाणी शिल्लक. यशोदाबाईच्या शेरात मात्र अख्खी बाटली रिती झाली आणि वर जागा राहिली.

"बघा! दोन बोटं जागा हाय अजून!" कमलाक्का ओरडली.

"आक्का, बोटं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. बाजार हसला. आक्कानं रागानं टेप काढली.

यशोदाबाई तेवढ्यात पदरानं आपला शेर पुसत होती. "चुरमुऱ्याच्या मापात पाणी घालतीस व्हय गं? आता हे वाळणार कवा आणि मी विकणार कवा?"

इथं थांबली असती तर बरं झालं असतं. यशोदाबाईचं माप सगळ्यांत मोठं, हे गावाला तसंही ठाऊक होतं. पण कमलाक्काला थांबणं कुठं ठाऊक? चांगल्या माणसानंच आधी सुरुवात करावी, मग बाकीचे सुधारतील, हे तिनं मनाशी पक्कं केलं आणि पुढच्या बाजारी यशोदाबाईपुढं नवाकोरा इलेक्ट्रॉनिक काटा आणून ठेवला.

"मला न्हाय जमायचं ते," यशोदाबाई म्हणाली.

"जमतंय. आकडा आपोआप दिसतोय. आणि ते लाभबीभ बी बंद कर आता. एकाला एक म्हणायला तुझी जीभ झडत्या काय?"

हे भांडण जुनंच होतं. यशोदाबाई मापताना पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची. लाभ, मग दोन, मग तीन. तिची आई तशीच मोजायची. कमलाक्का दर वेळी टोकायची, आणि यशोदाबाई दर वेळी ऐकून न ऐकल्यासारखं करून तिच्या पिशवीत 'लाभ'च ओतायची. या खेपेला मात्र मैत्रिणीचं मन मोडवेना म्हणून तिनं शेर टोपलीखाली सरकवला आणि काटा पुढं घेतला.

पावसाळी हवेत चुरमुरे सर्द होतात आणि वजनाला भरतात. पाव किलो म्हणून पिशवीत जे पडायचं ते बघून बायका नाक मुरडायच्या. "एवढंच?" यशोदाबाई काट्याकडं बोट दाखवायची. काट्याला शीग लागत नाही. वर दोन चुरमुरे टाकले की आकडा बदलतो आणि ती दचकून ते परत काढायची. तिचा हात आखडला. बोलणंही आखडलं, कारण मोजायला आता काही नव्हतंच. बघता बघता बायका शेजारच्या दोघांकडं वळल्या. त्यांचे शेर लहान होते, पण शीग भरघोस दिसत होती. पुढच्या बाजारी यशोदाबाईची जागा मोकळी राहिली. त्याच्या पुढच्याही.

कमलाक्काला घरात पाऊल ठरेना. दूध उतू गेलं, तुळशीला दोनदा पाणी घातलं गेलं. अंथऊला, म्हणजे दिवस मावळायच्या आतल्या जेवणाला बसायची आणि अर्ध्यातून उठून दारात जाऊन उभी राहायची.

"सुम्म, गप बस गं जरा," श्रीपाल अण्णा कधी नव्हे ते थट्टा न करता म्हणाले. "न्हायतर जाऊन ये तिच्याकडं."

ती गेली. यशोदाबाई परड्यात जोंधळा पाखडत होती. काटा कोनाड्यात, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. तिनं 'ये' म्हटलं नाही.

"बाजारला का येत न्हाईस?"

"कशाला येऊ?" सूप थांबलं नाही. "तुझा काटा खरा हाय आक्का, मी न्हाय म्हणत न्हाय. पण मी वर ओंजळ टाकत होते, ती माझी होती. ती तू काढून घेतलीस. आता माझ्याकडं यायचं कशाला माणसानं? काटा काय, कुठल्या बी दुकानात हाय."

आपलं चुकलं नव्हतं आणि तरी आपण हिचं वाटोळं केलं, हे दोन्ही एकदम खरं कसं असू शकतं, ते कमलाक्काला कळेना. ती वळली आणि चहा न घेता आली. एका गल्लीत वाढलेल्या मैत्रिणीच्या घरून असं परतायची तिची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवळी दारात आला. त्यानं दांड्याचं माप किटलीत बुडवलं, भरून पातेल्यात ओतलं आणि वर रोजच्यासारखी एक धार सोडली. कमलाक्का पातेलं धरून तशीच उभी राहिली.

"माप लिटरचंच न्हवं रे हे?"

"मग? तुमच्या दारात दुसरं आणायची छाती हाय काय माझी?"

"आणि वरची धार?"

"ती माझी," गवळी म्हणाला.

कमलाक्कानं दूध तसंच ओट्यावर ठेवलं आणि निपाणीची बस पकडली.

बाजाराच्या दिवशी तिनं यशोदाबाईला जवळजवळ ओढतच आणलं. टोपली मांडली आणि पुढं ठेवलं निपाणीहून आणलेलं एक पत्र्याचं गोल माप, रुंद तोंडाचं, आत 'एक लिटर' कोरलेलं. काटा तिनं स्वतःच्या पिशवीत टाकला. यशोदाबाईनं माप उलटंसुलटं करून बघितलं. "माझ्या शेरापरास बारीक हाय."

"हाय. वर शीग लाव. शीग तुझी. तिला कुणी मापणार न्हाय."

आजूबाजूच्या बायका बघत होत्या, पण पुढं कुणी येईना. मग कमलाक्कानंच पिशवी उघडून धरली. यशोदाबाईनं माप टोपलीत खुपसलं, भरलं, हातानं वर शीग चढवली. चुरमुरे कडेनं घरंगळले, तसे तिनं आणखी घातले. पिशवीशी आल्यावर मात्र ती थबकली. मैत्रिणीच्या तोंडाकडं न बघता, धडा म्हणून दाखवावा तशी म्हणाली, "एक."

कमलाक्कानं पिशवीचं तोंड मिटलं.

"काय झालं आता?" यशोदाबाई वैतागली. "तूच म्हणतीस न्हवं, एकाला एक म्हण म्हणून?"

"म्हणतेय. उद्या बी म्हणणार." कमलाक्कानं पिशवीचं मिटलेलं तोंड सोडलं नाही. "पण माझ्या पिशवीत तुझ्या हातनं आजवर कधी 'एक' पडलेलं न्हाय, यशोदे. आज नको पाडूस."

यशोदाबाईनं खाली वाकून दुसरी ओंजळ भरली, वर चढवली, आणि चौथ्या दुकानापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "लाभ!"

कमलाक्कानं पिशवी उघडली.