दिराचा बाजा आणि दोन औषधं

आमच्या सांडोरमध्ये माझ्या धाकट्या दिराइतका बेसूर माणूस झाला नाही आणि होऊ नये. लग्नाच्या बँडमध्ये त्याला घ्यायचे ते रांग भरायला. एकदा नवरीची आई रडायला लागली तर हा म्हणतो, "बघा, काळजाला भिडलं." बाजा तिच्या कानाशी होता. रोज संध्याकाळी केळीच्या वाडीतून येऊन याने ओट्यावर ट्रम्पेट फुंकायचा आणि मी धाडकन खिडकी लावायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा नेम.

मग त्याचा दम तुटायला लागला. फुफ्फुसाभोवती पाणी झालं, ते काढलं, तर निघाला फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. तरुणपणी सातिवलीच्या एका गोदामात हा अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे कापायचा, पिठात लोळल्यासारखा घरी यायचा. ती धूळ म्हातारपणी उगवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, समूळ जाणार नाही, दोन औषधं एकत्र देऊन थोपवून बघू, पण खात्री नाही. याने एकच विचारलं, "बाजा वाजवता येईल?" त्या म्हणाल्या, "स्कॅन चांगला आला तर बघू, हळूहळू." घरातले स्कॅनसाठी नवस बोलले. शेजारी विचारात पडले.

सलाइन सुरू झाली तसा हा मास्तर झाला. भेटेल त्याला वाडीत नेऊन शिकवायचा. "एक औषध अंगातल्या राखणदारांना उठवतं. दुसरं गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. म्हणजे तिचा पाटच बंद." नुसतं सांगून भागेना. माझ्या अळूला गाठ ठरवून त्याचा पाट मातीने बुजवला. एका रविवारी मिस्सा सुटल्यावर फादरांना दाखवायला आणलं आणि राखणदार म्हणून झोपलेल्या कुत्र्याला काठीने ढोसलं. कुत्रा उठला तो अळू सोडून याच्याच लेंग्याला लोंबकळला. हा केळीला मिठी मारून सांगतोय, "फादर, हा साइड इफेक्ट. राखणदार कधी कधी घरच्यांनाच धरतात." पुढच्या सलाइननंतर खरंच अंगभर खाज सुटली. डॉक्टरीणबाई काळजीत, हा खूश. "वहिनी, कुत्रा उठला."

अळू मात्र वाळलं. "विज्ञानासाठी गेलं, वहिनी," म्हणाला.

"मग विज्ञानाला सांग, वड्या करून दे."

परवा स्कॅन आला. गाठ गेली नाही, पण वाढलीही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता एवढंही चांगलं आहे, जपून वाजवा. संध्याकाळी याने बाजा पुसून तोंडाला लावला. नवस बोललेले, न बोललेले, सगळे दारात आले. एक सूर निघाला, नेहमीसारखाच भिकार. दुसरा अर्ध्यात विरला. बाजा मांडीवर ठेवून तो बराच वेळ धापा टाकत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, उरलेला उद्या."

"घाई नाही," मी म्हटलं. "कान कुठे पळून जात नाहीत."

काल वाजवला नाही. आजही अजून नाही. तांदूळ निवडायला घेऊन मी खिडकीशी बसले आहे. खिडकी उघडीच आहे.