मेंढरांचा उतार

रस्त्याच्या ओव्हरसियरने मला फसवलं. आज सीना नदीकाठच्या फिरायच्या वाटेवर ताज्या डांबराचा वास आला आणि पन्नास वर्षांपूर्वीची ती दुपार पुढे उभी राहिली. फिरायला, सायकलींना वाट हवी म्हणून त्याने आमची काठाची पट्टी मागितली होती. "मेंढरांचा पाण्यावर जायचा उतार मोकळा ठेवतो की," म्हणाला. बरीच घासाघीस करून मीच होकार दिला.

वाट झाली, तेव्हा उताराच्या जागी दगडी भिंत होती. खाली पाणी वाहत होतं आणि वर तापलेल्या डांबरावर तहानलेली मेंढरं ओरडत होती. वडील म्हणाले, "तू व्हय म्हनलास नव्हं? आता मेंढरास्नी तूच सांग." मी त्यांच्यावरच खेकसलो.

आता भांडायची ताकद उरली नाही. सायकलवाल्या पोरांवर राग तर नाहीच. पण तो उतार कुणाच्या हुकमाने बुजवला, ते त्या ओव्हरसियरच्या कचेरीने मला तोंडावर सांगावं.