आप्पांना शिफ्टर का बदलायचा होता

“हे गिअर बदलून टाका. लई अडकायलेत.” आप्पांनी सायकल काउंटरला टेकवली आणि स्टुलावर बसकण मारली.

एप्रिलची दुपार, लातूरचं ऊन. त्या दुष्काळाच्या वर्षी माझ्या सायकलच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस दोनच गोष्टी विचारायचा, टँकर कधी येणार आणि लातूर तोडून नवीन जिल्हा कधी होणार. जणू मी कलेक्टरच. सायकली धुवायला पाणी नव्हतं, रॉकेलच्या बोळ्यानं पुसून पुसून माझी बोटं भेगाळली होती. त्यात हे शिफ्टर अपग्रेड. हा शब्द ऐकला की आजही मला थकवा येतो.

आप्पा आमच्या गल्लीतले तेलवाले. करडईचा घाणा, साठीला टेकलेलं वय, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. शुगर वाढली म्हणून डॉक्टरनं चालायला सांगितलं, तर यांनी पुण्याच्या पुतण्याची जुनी रोड बाइक आणली. रोड बाइक म्हणजे पातळ चाकांची सायकल, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. शिफ्टर म्हणजे गिअर बदलायची कळ. आप्पांच्या सायकलीला त्या कळा जुन्या पद्धतीनं सांगाड्याच्या खालच्या तिरक्या नळीवर होत्या. गिअर टाकायचा तर एक हात हँडलवरून काढून खाली न्यायचा. नव्या सायकलींना हीच कळ ब्रेकच्या मुठीत असते. हात जागचा हलवावा लागत नाही.

“आप्पा, शिफ्टर बदलून सायकल जोरात पळत न्हाई. अन् नुसता शिफ्टर येत न्हाई. त्याच्यासंगं केबल, ब्रेक, सगळंच आलं. आधी काय अडकायलंय ते तर बघू द्या.”

“बघायचं काय त्यात? बदला म्हणलं की बदला.”

“दुकान माझं हाय का तुमचं?”

मी केबल ओढून बघितली तर ती तिच्या प्लास्टिकच्या वेष्टणात चिकटून बसलेली. बाहेर काढली, तिच्यावर पिवळा डिंक.

“हे काय घातलं हो ह्याच्यात?”

“घरचं तेल. घाण्याचं, एकदम शुद्ध.” आप्पांनी छाती फुगवली.

“तौबा! अहो, ते भाजीला घाला. करडईचं तेल वाळलं की डिंक होतं. वर औंदाची ही धूळ. अडकंल न्हाई तर काय होईल?”

“दुकानातलं तेल कशाला आणू? तेलवाल्यानं तेल इकत घेतलं तर लोक काय म्हणतील?”

केबल आणि तिचं वेष्टण नवीन टाकलं, कळा रॉकेलनं साफ केल्या. सायकल उलटी करून गिअर टाकून बघितले. लोण्यासारखे. म्हटलं, झालं काम.

“घ्या, आप्पा. आता बदलायची गरज न्हाई.”

त्यांचं तोंड उतरलं. “पण तरी नवीन टाकाच.”

आता मात्र माझं डोकं सरकलं. धंदा बसलेला असताना मी गिऱ्हाइकाला नको म्हणत होतो, आणि हा माणूस हट्टाला पेटलेला. “चला, चालवून दाखवा,” म्हटलं. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि स्कूटर काढली. आप्पा पुढं, मी मागं.

रिंग रोडला एक चढ आहे. कुणीही तिथं हलका गिअर टाकेल. आप्पांनी टाकला नाही. जड गिअरवरच उभं राहून दामटलं, धाप लागली, मग खाली उतरून सायकल ढकलायला लागले.

“गिअर का न्हाई टाकला?”

“अडकतो.”

मी सायकल घेतली, चढावर फिरवून आणली. सगळे गिअर टाकले. “मला तर अडकत न्हाई, आप्पा.”

ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मग म्हणाले, “कुणाला सांगू नका. मी पडलो, रफिकभाई.”

“कवा?”

“झाला महिना. टँकरचा नळ गळत होता. वळणावर पाणी सांडलेलं. मी गिअर टाकायला हात सोडला अन् सायकल गेली सटकून. आख्खं लातूर हंडाभर पाण्यासाठी रात जागून राहिलंय, अन् मी पाण्यावर घसरून पडलो! कुठल्या तोंडानं सांगू?”

मला हसू फुटलं. ते हसत नाहीत हे बघून माझीच मला लाज वाटली.

“तवापासून हात सुटतच न्हाई. सोडावं म्हणतो, बोटं ऐकत न्हाईत. घरी पोत्यावरून पडलो म्हणून सांगितलं. हिला कळलं तर सायकल भंगारात जाईल. अन् सायकल गेली की मी गेलो समजा. सायकलीनंच तर शुगर खाली आली.”

महिनाभर हा माणूस घाबरत सायकल चालवत होता आणि दोष गिअरला देत होता. मला फार वाईट वाटलं. तिथूनच नांदेडच्या डीलरला फोन लावला.

“सात गिअरच्या शिफ्टरचा जोड पाहिजे, मुठीतला, ब्रेकसकट.”

“सात आता कोण घेतं? नऊचा घ्या.”

“मागच्या चाकाला सातच चकत्या हायत. नऊचा मेळ बसत न्हाई.”

“मग जुनाच चालवा म्हणा. बिघडलाय का?”

“न्हाई. एकदम चांगलाय.”

“मग?”

“तू पाठव, बाबा. जास्त विचारू नको.”

पार्सल एसटीनं निघालं, अहमदपूरच्या स्टँडवर चुकून उतरलं, मग हेलपाटे घालून एकदाचं हाती आलं. बसवायला पूर्ण दिवस गेला. संध्याकाळी पुन्हा तोच चढ. आप्पांनी दोन्ही मुठी घट्ट धरल्या आणि बोट दाबलं. टक. पुन्हा टक. न उतरता वर गेले आणि तिथून ओरडले, “रफिकभाई, लई जोरात पळायली की!”

शिफ्टरनं सायकल जोरात पळत नाही, हे मी अजूनही सांगतो. पण आप्पांना सांगितलं नाही. घरी काकूंना आजही ते पोत्यावरून पडल्याचंच माहीत आहे.

तेव्हापासून चांगल्या सायकलीला नवा शिफ्टर मागणारा कुणी आला की पाना उचलायच्या आधी मी विचारतो, “कुठं पडलात?” काही जण चिडतात. बाकीचे इकडंतिकडं बघतात आणि हळूच पँट वर करून गुडघा दाखवतात.